खोलीत माणूस असला की

पडदेकाकूला विचारल्याशिवाय त्या भागात कुणी खिडकीला कापड लावत नसे. कुणी लावलंच, तर वर्षभरात पस्तावून तिच्याकडे यायचं. ती गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहायची, चप्पल काढायच्या आधीच खिडकीवर एक नजर टाकायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची, "इथे निळा चालणार नाही. संध्याकाळी खोली आजारी दिसेल." घरची बाई बिचारी म्हणायची, पण मला निळाच आवडतो हो. काकू म्हणायची, "आवडू दे की. छत्री घ्या निळी."

जीभ अशी तिखट, तरी लोक तिलाच बोलवायचे. कारण काकूची निवड म्हणजे निवड. कापड चिमटीत धरून ती सांगायची की हे धुतल्यावर चार बोटं आटेल, आणि ते चार बोटंच आटायचं. मापाची टेप कायम गळ्यात. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेली ती टेपेसकट. डॉक्टरांच्या गळ्यात त्यांची नळी, हिच्या गळ्यात हिची टेप, दोघं समोरासमोर बसली तेव्हा कोण कुणाला तपासतंय तेच कळेना. ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांच्या आधी हसायची.

तिचा नवरा क्रेनवर होता. उंच इमारती बांधतात तिथे जी उभी क्रेन असते, तिच्या टोकाला काचेची एक खोली असते, कपाटाएवढी. काकांनी उमेदीची सगळी वर्षं त्या कपाटात काढली. सकाळी शिडीने वर जायचं, डबा वरच खायचा, संध्याकाळी उतरायचं. खाली माणसं मुंग्यांएवढी आणि चहूकडे नुसतं मोकळं. बोलायला वर कुणी नाही, म्हणून असेल किंवा मुळातच तसे असतील, काका फार बोलत नसत. घरी आल्यावर हात-पाय धुऊन एखादं वाक्य बोलायचे. "आज धुकं नदीवरच बसून होतं." किंवा "लांबच्या डोंगरावर पाऊस होता, इकडे ऊन." झालं. बाकी घरातलं सगळं बोलणं काकूकडे. "मी बोलते, हे ऐकतात. वाटणी बरोबर आहे," असं ती म्हणायची. पण ते एक वाक्य ऐकायला ती शिलाईचं मशीन थांबवून बसायची हेही खरं.

आणि मग ध्यानीमनी नसताना काकांना झटका आला. घरातच आला, हातात चहाचा कप असताना. लोक म्हणाले, नशीब म्हणायचं, वर असताना आला नाही. काकू म्हणाली, "कसलं नशीब? नशीब असतं तर कुठेच आला नसता." उजवी बाजू गेली. वाचा गेली. मान थोडी डावीकडे वळायची, तेवढीच. डाव्या हातात मात्र जीव राहिला. डोळे शाबूत होते, आणि डोळ्यांच्या मागचा माणूसही शाबूत होता, हे काकूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

आतली खोली चिंचोळी. लोखंडी पलंग, बाजूला पकडायला दांडा, पायथ्याशी उंच फळी. तो पलंग तिथे एकाच तऱ्हेने मावायचा, डोकं खिडकीकडे आणि पाय समोरच्या भिंतीकडे. खिडकी डोक्यामागे असली काय आणि नसली काय, सारखंच; बाहेर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या नव्या इमारतीची भिंत उठली होती. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर लांबचं बघितलं, त्याच्यापुढे आता एक कोरी भिंत. काका त्या भिंतीकडे बघत पडून राहायचे. काकूला ते बघवायचं नाही. बाहेरच्या खोलीत मशीनवर बसली तरी सारखं वाटायचं, आत भिंत आणि हे, दोघंच.

तिने आधी घरातला जुना टीव्ही आत ठेवून बघितला. काकांना घाम फुटला, डोळे गच्च मिटून घेतले. व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, त्या म्हणाल्या, "पळती चित्रं आणि गोंगाट त्यांच्या डोक्याला झेपत नाही. काहीतरी शांत, स्थिर असं समोर ठेवा." मग काकूने तळ्याचं एक मोठं छापील चित्र आणून लावलं. काकांनी थोडे दिवस बघितलं, मग त्याच्याकडेही बघेनासे झाले. काकू म्हणाली, "बरोबर आहे. रोज तेच तळं, तेच बदक. त्या बदकालासुद्धा कंटाळा आला असेल."

मुलगी दुसऱ्या गावात राहायची. फोनवर तीच म्हणाली, "आई, आता असा टीव्ही निघालाय, भिंतीला फ्रेमसारखा लागतो. बघायचा नसेल तेव्हा त्यावर चित्र राहतं. खरं रंगवलेलं वाटतं. सकाळी एक लाव, दुपारी दुसरं लाव." काकूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू ये. दोघी जाऊन बघू. पण निवडणार मी."

दुकानात टाय लावलेला एक सेल्समन पुढे आला. भिंतभर टीव्ही लावलेले, प्रत्येकात काहीतरी नाचत होतं. हा एकटा गप्प होता. लाकडी चौकट, आत रंगवलेला समुद्र, काच असूनही चमक नाही. सेल्समनने पाठ केलेलं सुरू केलं, "काकू, पाहुण्यांना कळतसुद्धा नाही की हा टीव्ही आहे."

"पाहुणे गेले खड्ड्यात," काकू म्हणाली. "झोपलेल्या माणसाला कसा दिसतो ते सांग."

"तसाच दिसतो की."

"तू झोपून बघितलंस?"

तो हसला. त्याला वाटलं गंमत चालली आहे. काकूने पर्स मुलीच्या हातात दिली, आणि भर दुकानात गालिच्यावर आडवी झाली. उजवा हात अंगाशी घट्ट, मान किंचित डावीकडे कलती, अगदी काका पडतात तशी. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मुलगी लाजेने अर्धी झाली. "आई, ऊठ गं, लोक बघताहेत!" खालून आवाज आला, "बघू देत. ह्यांना रोज कितीजण येऊन बघतात, ते काही म्हणतात का?" मग सेल्समनला म्हणाली, "वरची कड जरा पुढे कलव. आणखी. हां. आता त्या दिव्याची तिरीप जाते." दुसऱ्या एका कंपनीचा तसाच सेट होता, त्याच्यासमोरही ती अशीच आडवी झाली. इतक्या बारकाईने त्या दुकानात आजवर कुणी काही घेतलं नसेल.

शेवटी दोन उरले. दिसायला दोन्ही सारखेच. एक साधा होता. त्यावर चित्र लावलं की काही तासांनी ते आपोआप बंद पडायचं, आणि परत रिमोटने लावावं लागायचं. दुसऱ्याच्या चौकटीत खालच्या बाजूला एक बारीक काळा ठिपका होता. "ह्याला डोळा आहे," सेल्समन म्हणाला. "खोलीत माणूस असला की चित्र चालू. माणूस बाहेर गेला की थोड्या वेळाने आपोआप बंद. आला की परत चालू. बटण दाबायचं नाही, काही नाही."

मुलगी म्हणाली, "आई, साधाच घे. आपल्याला काय करायचाय डोळा?"

"अगं, तुला कळत नाही," काकू म्हणाली. "आपल्या खोलीत माणूस कायमच असतो. म्हणजे चित्र कायम. मी मशीनवर असले, भाजी आणायला गेले, तरी ह्यांच्यापुढे चित्र असणारच. तो साधा मध्येच मिटला तर? मी बाहेर असले तर हे हाक मारणार आहेत का मला?"

मुलीने मान डोलावली. सेल्समननेही तिला अडवलं नाही. आता त्याला तरी काय दोष द्या! त्याला विकायचं होतं, आणि काकू बोलत होती ते तर अगदी बिनतोड होतं. खोलीत माणूस असला की चित्र. खोलीत माणूस होताच. काकूने बोट ठेवलं, "डोळ्याचाच द्या."

सेट लागला त्या दिवशी उंचीचं माप काकूने स्वतः घेतलं. पलंगावर काकांच्या शेजारी अंग चोरून पडली, त्यांच्या डोळ्यापाशी डोळा नेला आणि बसवायला आलेल्या माणसाला तिथूनच हुकूम सोडले. दाराला तिने जाड दुपदरी पडदा शिवला, मशीनचा आवाज आत जाऊ नये म्हणून. दार टीव्हीच्याच भिंतीला होतं, त्यामुळे पडदा सारून दोन पावलं आत आल्याशिवाय चित्र दिसायचं नाही. पण दिसायचं तेव्हा काय दिसायचं! पहिल्यांदा समुद्र लागला, पहाटेचा, धुकं असलेला. काकांचे डोळे मोठे झाले. डावा हात अंथरुणावरून वर आला आणि तसाच अधांतरी राहिला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. काकू रडत रडत हसली. "आज धुकं समुद्रावरच बसून आहे, नाही का हो?" असं तिने त्यांच्या वतीने बोलून टाकलं.

त्या दिवसापासून तिच्या मनावरचा दगड उतरला. इतके महिने ती दर थोड्या वेळाने मशीन सोडून आत डोकावत होती; आता डोकावेना. एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायचं काम आलं होतं, ते नाकारायच्या बेतात होती, ते घेतलं. कुणी विचारलं, काका कसे आहेत, तर म्हणायची, "मजेत. समोर समुद्र, डोंगर, नदी. त्या टीव्हीला डोळा आहे. खोलीत माणूस असला की चित्र असतं." जो यायचा त्याला ती आत नेऊन दाखवायची. पडदा सारून आत वळलं की चित्र. येणारा म्हणायचा, "वा! काकांचा थाट आहे बुवा." व्यायामाच्या बाई आल्या तरी चित्र, मुलगी आली तरी चित्र.

आणि मग काकांनी पेला फेकला.

स्टुलावर पाण्याचा स्टीलचा पेला असायचा, डाव्या हाताला लागेल असा. तो खणकन पायथ्याच्या फळीवरून उडून भिंतीशी गेला. काकू कात्री टाकून धावली. समोर डोंगराचं चित्र झळकत होतं, काका त्याच्याकडे बघत होते, छाती धपापत होती. "काय झालं? पाणी हवंय? टोचतंय काही?" काही नाही. ती फरशी पुसून, पेला भरून, थोडं थोपटून बाहेर गेली. थोड्या वेळाने परत खणकन. पुढच्या दिवशी चमचा, मग कंगवा. एकदा तर रिमोटच. सुरुवातीला काकू थट्टा करायची, "म्हातारपणी नेमबाजी शिकताय होय?" पण हॉटेलवाल्याची घाई होती, आणि दर वेळी आत यावं तर काही नाही, आपलं चित्राकडे बघत पडलेले. कुणाचंही डोकं फिरेल. तिचंही फिरलं.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ह्या आजारात होतं असं. स्वभाव बदलतो. डॉक्टर म्हणालेच होते." व्यायामाच्या बाई तर खूश झाल्या. "बघा, डाव्या हातात किती जोर आलाय! घरी करून घेता वाटतं?" काकूने कपाळाला हात लावला. "मी कशाला करून घेते? हेच करतात. दिवसभर."

मग तिने स्टूल लांब सरकवलं. हाताला लागेल असं काही ठेवलं नाही. तर काका दांडा वाजवायला लागले. मनगट लोखंडावर आपटायचे, ठण, ठण, थांबायचे, परत ठण. मशीनच्या आवाजातूनही ते ऐकू यायचं. ती आत आली की थांबायचे. ती वळली की घशातून आवाज काढायचे, बोटं तिच्या बाहीत अडकवायचे. ती बोटं एकेक करून सोडवायची. "अहो, मी इथे बसून राहिले तर काम कोण करेल? तुमच्यासमोर काय कमी आहे? बघा ना समोर!" पालथ्या घड्यावर पाणी. मनगट काळंनिळं झालं. आणि एका दुपारी लघवीची नळी त्यांनी खेचून काढली. चादर रक्ताने भरली.

त्या दिवशी काकूने हात बांधला.

तेही तिने मनापासून केलं, हे सांगितलं पाहिजे. दोरी किंवा फडकं नाही. घरातली सगळ्यांत मऊ मखमल निवडली, आतून सुती अस्तर लावलं, शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, टोचू नये म्हणून. मनगट आणि दांडा यांच्यामध्ये चार बोटं ढील ठेवली. असं सुबक बांधणं कुठल्या दवाखान्यात मिळणार नाही. काकांनी विरोध केला नाही. फक्त तिच्याकडे बघत राहिले. ती नजर तिला सहन होईना. ती चिडून म्हणाली, "माझ्याकडे असं बघू नका. समोर बघा. हे एवढं चित्र जगाला दाखवायला लावलेलं नाही, तुमच्यासाठी लावलंय." आणि पडदा सारून मशीनवर जाऊन बसली.

दोन-चार दिवस आतून आवाज यायचे. मग थांबले. काका शांत झाले. काकूला वाटलं, वळण लागलं. सकाळी सगळं आवरलं की ती त्यांचा हात उचलायची, पट्टा अडकवायची, नवं चित्र लावायची आणि बाहेर जायची. जेवण भरवताना काका दोन घासांनंतर तोंड मिटून घ्यायला लागले. मुलगी एकदा येऊन गेली, तो पट्टा बघून तिचे डोळे भरले, पण म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर मला इतकंही जमलं नसतं, आई." हॉटेलचं काम वेळेत झालं. मालकाने मिठाईचा डबा पाठवला.

काम संपलं आणि काकूचं अंग मोडून आलं. इतके दिवस दाबून ठेवलेला थकवा एकदम वर आला. दुपारी तिने विचार केला, आज ह्यांच्याजवळच पडू. पलंगाच्या बाजूला खाली चटई टाकली आणि आडवी झाली. ताप होता, डोकं जड होतं, पण झोप येत नव्हती. समोर नदीचं चित्र होतं, एक होडी, पलीकडे झाडं. खरंच चांगलं दिसतं इथून, असं तिच्या मनात आलं. हलायचीही इच्छा नव्हती. ती तशीच बघत पडून राहिली.

आणि नदी मिटली.

समोर काळं झालं. काकूला वाटलं, वीज गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. बिघडलं वाटतं मेलं, म्हणत ती कोपरावर उठली. नदी परत आली. होडी, झाडं, सगळं जागच्या जागी. ती परत आडवी झाली, नीट बघू लागली. हात हलवला नाही, पाय हलवला नाही. थोडा वेळ गेला आणि परत काळं.

आता ती उठली नाही. त्या अंधाऱ्या चौकटीकडे बघत पडून राहिली. खोलीत माणूस असला की. हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं होतं! खोलीत आत्ता दोन माणसं होती. दोघांचेही डोळे उघडे होते.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली, आणि तिला ती थांबवता येईना. पायथ्याच्या उंच फळीआड काकांचा हात त्या डोळ्याला दिसतच नसणार. फळीवरून उडालेला पेला दिसत होता. कंगवा दिसत होता. धावत आलेली बायको दिसत होती. ती खोलीत होती तोवर नदी होती, डोंगर होता. ती पडदा सारून गेली की थोड्याच वेळात परत भिंत, आणि आता तर काळी भिंत. म्हणून पेला. म्हणून बाही धरणं. आणि ती काय म्हणाली होती? समोर बघा. रोज म्हणत होती, समोर बघा.

ती उठून बसली. चित्र झळकलं. तिने मान वळवून वर पलंगाकडे बघितलं. काका चित्राकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. तिला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

"अहो," ती म्हणाली, आणि पुढे बोलता येईना. आयुष्यभर दोघांचं बोलणं एकटीने केलेली बाई, तिला शब्द सापडेना. ती पट्ट्याचं बटण काढायला गेली. स्वतःच शिवलेलं, स्वतःच लावलेलं बटण तिला सुटेना. शेवटी तिने दात लावून दोरा तोडला. स्वयंपाकघरातून तो पेला आणला आणि त्यांच्या हातात दिला. "फेका. मला मारा. मारा हो एकदा." काकांनी पेला थोडा वेळ धरला. मग बोटं सैल झाली आणि तो चादरीवर कलंडला. ती त्यांच्या हातावर कपाळ टेकून रडली. मोठ्याने रडली, शेजारी ऐकू जाईल असं.

संध्याकाळी तिने दुकानात फोन लावला. तोच सेल्समन होता. सगळं ऐकून म्हणाला, "हां, काकू, तो डोळा हालचाल बघतो. हललं की माणूस. पडून असलेला माणूस त्याला कळत नाही. खोलीतून मांजर गेलं तरी लागेल."

"मांजर," काकू म्हणाली.

"पण त्यात काय, सेटिंगमधून बंद करता येतं ते. मग चित्र कायम राहील. आधी विचारायचं ना, काकू!" त्याने फोनवरच सांगितलं, हे दाबा, खाली या, हे दाबा. चहाला आधण येईल एवढ्या वेळात काम झालं. बस, एवढंच होतं. इतके महिने एवढंच होतं! काकूला वाटलं, रिमोट त्या चौकटीवर हाणावा आणि त्याचे तुकडे करावेत. पण चित्र लागलेलं होतं, म्हणून तिने हात आवरला.

मुलीला फोन करून तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मुलगी रडत म्हणाली, "आई, तुला कसं कळणार होतं? सगळ्यांनीच बघितलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझी काय चूक?"

"तू म्हणत होतीस साधा घे," काकू म्हणाली. "निवडला मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काकांना पुसून घेतलं, कपडे बदलले. मनगटावरच्या वळाला तेल लावलं. समोर बर्फाचे डोंगर लावले, लांबवर पसरलेले, आणि मुद्दाम एका कोपऱ्यात जाऊन अंग न हलवता उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. डोंगर गेले नाहीत. "बघा," ती म्हणाली, "आता कुणी असो नसो, हे जाणार नाहीत. आता तुमच्यासाठीच." काका तिच्याकडेच बघत होते. समोर त्यांनी एकदाही बघितलं नाही.

ती म्हणाली, "मी बाहेर जरा मशीन पुसून घेते. पडदा उघडाच ठेवते. इथेच आहे मी."

ती कोपऱ्यातून निघाली, तशी काकांनी डावा हात हळूच वर उचलला, पलीकडे नेला, आणि मनगट वर करून दांड्यावर ठेवलं. रोज ती ठेवायची अगदी त्याच जागी. आणि बांधायची वाट बघत थांबले.

"नाही हो," काकू म्हणाली. "नाही बांधायचं आता. संपलं ते." तिने तो हात उचलला, छातीवर ठेवला, वरून पांघरूण सारखं केलं, दोनदा थोपटलं. मग ती दाराकडे गेली आणि मागे वळून बघितलं. हात परत दांड्यावर होता.